दुकानाची वेबसाइट स्लो चालते तेव्हा: वेगाच्या तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान-मध्यम व्यवसायांच्या वेबसाइट तपासायच्या, त्या कुठे अडखळतात ते शोधायचं आणि दुरुस्त करून द्यायचं, हे माझं काम. आंबा-काजूचे बागायतदार, साड्यांची दुकानं, कोकणातले होमस्टे, यंत्रांचे सुटे भाग विकणारे कारखानदार असे लोक फोन करतात. बहुतेकांची साइट वर्डप्रेसवर (साइट बनवण्याची प्रणाली) असते आणि विक्री असेल तर वूकॉमर्सवर (वर्डप्रेसला जोडलेलं ऑनलाइन दुकान), म्हणून इथली उदाहरणंही तिथलीच आहेत. पहिल्या फोनवर हमखास येणारे प्रश्न खाली दिले आहेत.

आमच्या ऑफिसात साइट लगेच उघडते. मग ग्राहकच का कुरकुर करतात?

कारण तुम्ही ती रोज उघडता. लोगो, फॉन्ट, बॅनर हे सगळं तुमच्या ब्राउझरने आधीच साठवून ठेवलेलं असतं. वर ऑफिसात फायबरचं वाय-फाय आणि समोर चांगला लॅपटॉप. गिऱ्हाईक मात्र पहिल्यांदाच येतं, दहा-बारा हजारांच्या फोनवरून, एसटीत बसून, दोन काड्यांच्या नेटवर्कवर. समजा नेटवर्क बरं मिळालं, तरी स्वस्त फोनचा प्रोसेसर लॅपटॉपच्या मानाने बराच मंद असतो, आणि तुमच्या साइटवरची सगळी जावास्क्रिप्ट (पान हलतं-बोलतं करणारा कोड) त्यालाच चालवावी लागते.

म्हणून कुठलंही साधन उघडण्याआधी एक करा. दुकानातल्या कुणाचा तरी साधा अँड्रॉइड फोन घ्या, वाय-फाय बंद करा, इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे आधी साठवलेलं काही वापरलं जात नाही) साइट उघडा आणि एक वस्तू शोधून पैसे भरण्याच्या पानापर्यंत न्या. स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवा. ही पाच मिनिटांची चित्रफीत मला कुठल्याही अहवालापेक्षा जास्त सांगते. मालकांनी ती स्वतः बघावी असा माझा आग्रह असतो. आपल्या दुकानाच्या दारात गिऱ्हाईक किती वेळ ताटकळतं हे डोळ्यांनी बघितल्यावर पुढची चर्चा सोपी होते.

स्लो म्हणजे नेमकं किती?

गूगलने यासाठी तीन मापं ठरवली आहेत आणि मला ती पटतात, कारण तिन्ही माणसाच्या अनुभवाशी जोडलेली आहेत. पहिलं एलसीपी: पानावरचा सर्वांत मोठा फोटो किंवा मजकूर दिसायला लागलेला वेळ. २.५ सेकंदांच्या आत चांगला, ४ च्या पुढे वाईट. दुसरं आयएनपी: बटण दाबल्यापासून पडद्यावर काहीतरी हलेपर्यंतचा वेळ. २०० मिलिसेकंदांच्या आत चांगला, ५०० च्या पुढे वाईट. मार्च २०२४ मध्ये एफआयडी हे जुनं माप काढून त्याजागी हे आलं. तिसरं सीएलएस: वाचता वाचता पान किती उड्या मारतं. हा नुसता आकडा असतो, ०.१ पर्यंत ठीक, ०.२५ च्या पुढे वाईट.

यात सरासरी धरत नाहीत. दर चार भेटींपैकी किमान तीन भेटींत आकडा चांगल्या हद्दीत असला, तरच पान पास.

पेजस्पीड इनसाइट्समध्ये ३५ आलेत आणि लाल वर्तुळ दिसतंय. घाबरायचं का?

आधी ते ३५ कुठून आले ते पाहू. पेजस्पीड इनसाइट्स हे गूगलचं वेग तपासणारं पान. त्या पानावर दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. वरचा भाग म्हणजे मागच्या २८ दिवसांत क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांना आलेला अनुभव. खालचं रंगीत वर्तुळ लाइटहाउस नावाच्या साधनाने त्याच क्षणी केलेल्या एका चाचणीचं. मोबाइलच्या चाचणीत लाइटहाउस १.६ एमबीपीएसचं (सेकंदाला १.६ मेगाबिट) हळू ४जी आणि चौपट मंद प्रोसेसर गृहीत धरतं. म्हणजे ती मुद्दाम घेतलेली कठीण परीक्षा आहे, आणि त्याच पानाला पाच मिनिटांनी पुन्हा बसवलं तर गुण बदलतात.

वर्तुळ लाल असलं तरी वरचा भाग हिरवा असेल तर घाबरू नका. वर्तुळ ९० आणि वरचा भाग लाल असेल तर मात्र गांभीर्याने घ्या. आणखी एक: लाइटहाउसच्या नेहमीच्या चाचणीत कुणी बटण दाबत नाही, त्यामुळे आयएनपीबद्दल ते गप्प असतं. शंभर गुण हे ध्येय ठेवून पैसे खर्च करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. गुण वाढवायचे म्हणून ऑर्डरचं बटणच उशिरा लोड होईल अशा युक्त्या केलेल्या साइट मी पाहिल्या आहेत.

आमच्या साइटला वरचा भाग रिकामाच दाखवतो.

भेटी कमी असल्या की तसं होतं. पुरेशा भेटी नसतील तर गूगल आकडे दाखवत नाही. अशा वेळी मी प्रत्येक पानाची चाचणी पाच वेळा घेतो आणि चढत्या क्रमाने लावून मधला आकडा धरतो. शिवाय गूगलचं 'वेब व्हायटल्स' नावाचं छोटं मोफत स्क्रिप्ट साइटवर बसवतो, म्हणजे येणाऱ्या ग्राहकांचे आकडे आपल्यालाच मिळायला लागतात.

चाचणी फक्त मुखपृष्ठाची करू नका. जाहिरातीवरून किंवा गूगलवरून येणारा माणूस बहुधा थेट वस्तूच्या पानावर उतरतो. मुखपृष्ठ, यादीचं पान, वस्तूचं पान आणि पैसे भरण्याचं पान, ही चार तरी हवीतच.

तपासणीत तुम्ही पहिल्यांदा काय बघता?

वॉटरफॉल. क्रोममध्ये डेव्हटूल्सच्या (ब्राउझरमधल्याच तपासणीच्या साधनांच्या) नेटवर्क टॅबमध्ये तो दिसतो, वेबपेजटेस्ट या चाचणीच्या साइटवर जास्त नीट दिसतो. पान उघडताना कोणती फाइल कधी मागवली, कधी आली, कोण कुणासाठी थांबलं, हे त्यात आडव्या पट्ट्यांनी मांडलेलं असतं. नाडीपरीक्षाच म्हणा.

त्यात मी एलसीपीच्या वेळेचे चार तुकडे करतो. सर्व्हरकडून पहिला बाइट यायला किती वेळ गेला? त्यानंतर मुख्य फोटोची फाइल मागवायलाच किती उशीर झाला? ती उतरायला किती लागला? आणि उतरूनही पडद्यावर यायला किती? या चारांतला सर्वांत लांब तुकडा हाच आजार, आणि औषध त्यावरच द्यायचं. पहिला तुकडा २ सेकंदांचा असताना फोटो बारीक करत बसलं तर दोन आठवडे जातात आणि ग्राहकाला फरक कळत नाही. फोटो आकाराने लहान असूनही उशिरा येत असेल तर तो कशामुळे अडला ते शोधावं लागतं. पुष्कळदा तो फोटो सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये) पार्श्वभूमी म्हणून टाकलेला असतो, त्यामुळे ब्राउझरला तो आहे हेच सीएसएस वाचून होईपर्यंत कळत नाही. किंवा कुठल्यातरी प्लगइनने (वर्डप्रेसला जोडायच्या जादा सॉफ्टवेअरने) सरसकट सगळ्या फोटोंना लेझी लोडिंग (फोटो पडद्याजवळ आल्यावरच मागवणं) लावलेलं असतं, अगदी सर्वांत वरच्या बॅनरलासुद्धा. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग हवंच. पण वरच्या मुख्य फोटोला ते लावणं म्हणजे पाहुणा दारात आल्यावर पाणी भरायला विहिरीवर जाणं. ते काढून तिथे 'फेचप्रायॉरिटी हाय' (ही फाइल आधी आण, अशी ब्राउझरला सूचना) लावलं की एका ओळीच्या बदलाने सेकंदभर वाचल्याचं अनेकदा दिसतं.

सर्वांत जास्त वेळा सापडणारा दोष कोणता?

फोटो. इथे जरा हिशेब करू.

आजच्या फोनने काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो आणि सहज ४-५ एमबीचा भरतो. ५ एमबी म्हणजे ४० मेगाबिट. लाइटहाउस धरतं त्या १.६ एमबीपीएसच्या वेगाने तो एकटा उतरायला २५ सेकंद लागतील. बरं, तो ज्या पडद्यावर दिसणार त्याची रुंदी साधारण १०८० ठिपके. म्हणजे आलेल्या ठिपक्यांपैकी बहुतेक फेकूनच दिले जाणार. इतक्यावर भागत नाही: फाइल कितीही दाबलेली असो, दाखवण्यासाठी फोनला ती उलगडावी लागते, दर ठिपक्याला ४ बाइट या दराने. ४००० बाय ३००० चा एक फोटो उलगडला की ४८ एमबी मेमरी. एका पानावर असे दहा असतील तर साधा फोन घुटमळणारच.

वर्डप्रेस २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून मोठा फोटो चढवला की त्याची २५६० ठिपक्यांची प्रत करून तीच वापरतं, त्यामुळे थोडं संरक्षण मिळतं. पण पीएनजी फाइल बरीच वर्षं या नियमातून सुटत आल्या आहेत, आणि सणासुदीचे बॅनर नेमके पीएनजीतच येतात. डिझायनर 'क्वालिटी जाऊ नये' म्हणून पीएनजी देतो, मालक तो तसाच चढवतो, आणि दिवाळी ऑफरचं बॅनर ऐन दिवाळीत साइट ठप्प करतं.

उपाय साधा आहे. छायाचित्र असेल तर वेबपी किंवा एव्हिफ या हलक्या प्रकारच्या फाइल, लोगो आणि रेघांची चित्रं एसव्हीजी. प्रत्येक फोटोच्या तीन-चार मापांच्या प्रती ठेवायच्या आणि ब्राउझरला त्यातली योग्य ती निवडू द्यायची. साडीच्या दुकानदाराची काळजी मला समजते, जरीचं काम नीट दिसलं नाही तर साडी विकली जात नाही. तिथे वस्तूच्या पानावर मध्यम माप ठेवावं आणि 'मोठं करून पाहा' दाबल्यावरच मोठी प्रत मागवावी.

मराठी मजकुरामुळे साइट जड होते का?

मजकुरामुळे नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ (अक्षरं साठवण्याची पद्धत) मध्ये ३ बाइट घेतं, रोमन अक्षर १. पण सर्व्हरवर जीझिप किंवा ब्रॉटली (मजकूर दाबून पाठवण्याच्या पद्धती) चालू असेल तर हा फरक बराचसा दबून जातो. तेवढं चालू आहे ना, ते बघा. बंद असलेले सर्व्हर अजून सापडतात.

फॉन्टमुळे मात्र होते, आणि हे फार कमी डेव्हलपर तपासतात. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रांच्या जागा यांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये शेकड्यांनी आकृत्या असतात आणि फाइल रोमन फॉन्टपेक्षा कितीतरी मोठी होते. थीममध्ये एकाच फॉन्टची पाच-सहा वजनं (बारीक, ठळक वगैरे) निवडलेली असतात, वापरात दोनच. दोन ठेवा, वूफ२ (वेबसाठी दाबलेली फॉन्ट फाइल) स्वरूपात आणि स्वतःच्या सर्व्हरवरून द्या, आणि फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या अक्षरांत मजकूर दिसू द्या. अँड्रॉइडवर नोटो, विंडोजवर निर्मला असतोच. कोरं पान दाखवायचं काही कारण नाही. फक्त दोन फॉन्टच्या ओळींची उंची वेगळी असली की अदलाबदलीत मजकूर खाली सरकतो. देवनागरीत वर वेलांट्या आणि खाली उकार असल्याने हे जास्तच जाणवतं, म्हणून पर्यायी फॉन्टची मापं सीएसएसमध्ये जुळवून घ्यावी लागतात.

काही जण फाइल लहान करण्यासाठी फॉन्टमधली 'नको असलेली' अक्षरं काढून टाकतात. मराठीला कमी लेखणारं याहून वाईट काम नाही. त्यात जोडाक्षरांचे नियम उडतात आणि पाय मोडलेली अक्षरं उघडी पडतात. असं काही केलं असेल तर विठ्ठल, ज्ञानेश्वर, कऱ्हाड, वऱ्हाड, श्रीवर्धन, बुद्धी हे शब्द पानावर लिहून पाहा. एक जरी तुटला तरी मूळ फॉन्ट परत आणा.

होस्टिंग अमेरिकेतलं स्वस्तात मिळालंय. फरक पडतो?

पडतो, आणि तो भूगोलाचा फरक आहे. मुंबईपासून अमेरिकेचा पूर्व किनारा सुमारे १३ हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन २६ हजार किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेत तार असती तरी १३० मिलिसेकंद. प्रत्यक्षात तार वळसे घेते, त्यामुळे जास्तच. पहिल्यांदा येणाऱ्या ग्राहकाला जोडणी करायला एक फेरी, सुरक्षिततेसाठी किमान एक आणि पान मागायला एक, अशा तीन फेऱ्या. सर्व्हरने काम सुरू करण्याआधीच जवळजवळ अर्धा सेकंद गेला.

ग्राहक महाराष्ट्रातले असतील तर सर्व्हर मुंबईत ठेवा. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, गूगलचं २०१७ पासून, आणि अनेक होस्टिंग कंपन्या आता भारतातली जागा निवडू देतात. परदेशातून पुण्यातल्या आई-वडिलांसाठी ऑर्डर देणारे ग्राहक असतील तर पुढे सीडीएन (ठिकठिकाणी पसरलेल्या सर्व्हरांचं जाळं) लावा. सीडीएन फोटो आणि फाइल जवळून देतो. मूळ पान कॅशे केलेलं (तयार करून साठवलेलं) नसेल तर ते तरीही मुंबईहूनच येतं, एवढं लक्षात असू द्या.

स्पीडचा प्लगइन टाकला की काम होत नाही का?

कधीकधी बरंच होतं. चांगला कॅशे प्लगइन तयार पान साठवून ठेवतो, त्यामुळे सर्व्हरला दर वेळी नव्याने ते बनवावं लागत नाही. पण एका वेळी एकच ठेवा. तीन-तीन स्पीड प्लगइन एकमेकांच्या फाइल पुन्हा पुन्हा दाबत बसलेले मी पाहिले आहेत, आणि त्यातले दोन काढणं हाच तिथला उपाय होता.

एक धोका मात्र नीट समजून घ्या. वूकॉमर्सची कार्ट, चेकआउट आणि 'माझं खातं' ही पानं कधीही कॅशे होता कामा नयेत. झाली तर एका ग्राहकाचं नाव-पत्ता दुसऱ्याला दिसू शकतो. प्लगइन किंवा सीडीएन बसवल्यावर दोन वेगळ्या फोनवरून, दोन वेगळ्या खात्यांनी ऑर्डर टाकून हे तपासल्याशिवाय मी काम संपलं म्हणत नाही.

पान आधी कॅशे नसेल तेव्हा सर्व्हर चार-पाच सेकंद घेतो. ते का?

क्वेरी मॉनिटर हा मोफत प्लगइन बसवा. कोणता प्लगइन डेटाबेसला किती प्रश्न विचारतो आणि त्यात किती वेळ जातो ते तो नावानिशी दाखवतो. तीन ठिकाणी हमखास दुखणं निघतं. ऑप्शन्सच्या तक्त्यात (वर्डप्रेस आपल्या सेटिंग जिथे साठवतं तिथे) कधीच काढून टाकलेल्या प्लगइनचा कचरा दर पानाला वाचला जातो. वर्डप्रेसच्या साइट हेल्थमध्ये याची सूचना मिळते. डब्ल्यूपी-क्रॉन (वर्डप्रेसची ठरल्या वेळची कामं करणारा भाग) ग्राहकाच्या भेटीवर कामं उरकायला घेतो. तो बंद करून सर्व्हरच्या क्रॉनवर लावा. आणि पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) जुनं असतं. ७.४ चा पाठिंबा नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला, तरी ते चालू आहे. आवृत्ती बदलण्याआधी साइटची प्रत करून तिच्यावर चाचणी घ्या, थेट चालू दुकानावर नको.

यूट्यूब, गूगल नकाशा, चॅट, पिक्सेल (जाहिरातीचा माग ठेवणारा कोड) हे सगळं काढायचं का?

काढायचं नाही, वेळेवर बोलवायचं. यूट्यूबचा व्हिडिओ पानात टाकला की कुणी तो चालवला नाही तरी त्याचा सगळा प्लेअर उतरतो. त्याजागी फोटो आणि प्लेचं चिन्ह ठेवा. दाबल्यावर प्लेअर आणा. नकाशाऐवजी नकाशाचं चित्र आणि 'रस्ता दाखवा' ही लिंक. होमस्टेकडे येणाऱ्या पाहुण्याला नाहीतरी फोनमधलं नकाशाचं ॲपच उघडायचं असतं. व्हॉट्सॲपसाठी जड विजेट कशाला? एक साधी लिंक पुरते. पेमेंट गेटवेचं स्क्रिप्ट फक्त चेकआउटवर.

टॅग मॅनेजर (मोजणी-जाहिरातीचे असे कोड, म्हणजे टॅग, सांभाळणारं साधन) उघडून बसा आणि प्रत्येक टॅगसमोर विचारा: याचा अहवाल मागच्या तीन महिन्यांत कुणी पाहिला? पूर्वीच्या मार्केटिंगवाल्याने लावलेले पिक्सेल, संपलेल्या मोहिमा, हीटमॅपची (लोक पानावर कुठे दाबतात ते दाखवणाऱ्या साधनाची) मुदत संपलेली चाचणी, हे सगळं तिथे निघतं. 'कार्टमध्ये टाका' दाबल्यावर फोन गोठतो, त्यामागे बहुधा हीच गर्दी असते, कारण ब्राउझरचा मुख्य धागा (एका वेळी एकच काम करणारी रांग) एकच असतो आणि तो त्यांच्यात अडकलेला असतो.

वाचताना पान खाली सरकतं.

फोटो, व्हिडिओ, जाहिरात, 'कुकी स्वीकारा'ची पट्टी यांना आधीच जागा राखून ठेवा. फोटोला रुंदी आणि उंची लिहिणं एवढ्यानेच अर्धं काम होतं.

वेग वाढला की गूगलवर वर येऊ का? विक्री वाढेल का?

गूगलवर वेगाचा विचार होतो, पण ग्राहकाच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पानावर आहे की नाही, याला फार जास्त वजन असतं. वेग वाढवल्याने पहिला क्रमांक येईल असं कुणी सांगत असेल तर ते काम त्याला देऊ नका.

विक्रीबाबत प्रसिद्ध झालेली उदाहरणं आहेत. व्होडाफोनने इटलीत एकाच पानाच्या दोन आवृत्त्या लोकांसमोर ठेवल्या. ज्या आवृत्तीत एलसीपी ३१ टक्के सुधारला होता तिथे विक्री ८ टक्के जास्त झाली. आपल्या बंगळूरूच्या रेडबसने आयएनपी सुधारल्यावर विक्रीत ७ टक्के वाढ नोंदवली. त्या मोठ्या कंपन्या आहेत. तुमचा आकडा तुमच्याच दुकानात मोजावा लागेल. दुरुस्तीच्या आधीचा महिना आणि नंतरचा महिना, किती जण वस्तूच्या पानावर आले आणि किती जणांनी पैसे भरले, एवढं लिहून ठेवा. हंगाम वेगळा असेल तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा.

डेव्हलपर म्हणतो नवीनच साइट करू.

कधी ते खरंही असतं. पण आधी वॉटरफॉल दाखवून 'नेमकं काय दुरुस्त होत नाही?' असं विचारा. जुन्या साइटचा आजार कळला नसेल तर तोच फोटो, तेच पिक्सेल आणि तेच होस्टिंग नव्या साइटवर जाणार.

तपासणीच्या अहवालात काय असावं?

नुसते स्क्रीनशॉट जोडलेली पन्नास पानी फाइल घेऊ नका. प्रत्येक दोषासाठी पान कोणतं, पुरावा काय, किती वेळ जातो, दुरुस्ती कोण करणार आणि किती तासांचं काम, इतकं असलं की पुरे. क्रम ग्राहकाचा वाचणारा वेळ आणि लागणारी मेहनत यांवरून लावलेला असावा. बदल एकेक करून करावेत आणि प्रत्येकानंतर मोजावं. दहा बदल एकदम केले आणि काही बिघडलं तर कशाने बिघडलं ते सापडत नाही.

तपासणी कधी करून घ्यावी?

हंगामाआधी, आणि पुरेशी आधी. गूगलचे खरे आकडे २८ दिवसांचे असतात, म्हणून आज केलेली दुरुस्ती तिथे पूर्ण दिसायला महिना जातो. हापूसची गर्दी मार्चच्या मध्यावर सुरू होत असेल तर दुरुस्त्या जानेवारीअखेर संपायला हव्यात, म्हणजे फेब्रुवारीचे आकडे बघून राहिलेलं काम करायला दोन आठवडे हाताशी उरतात. दिवाळीच्या दुकानदारांनी गणपतीआधी फोन करावा.